बंदुकीतलं कुंकू

बंदुका दुरुस्त करणाऱ्या माणसाला लोक पहिल्यांदा एकच गोष्ट विचारतात, 'तुमच्याकडे स्वतःची आहे का?' नाही. कधी नव्हती. मिठाईच्या दुकानातल्या आचाऱ्याला जिलबी नकोशी होते, तसंच काहीसं समजा. नगरच्या एका परवानाधारक बंदुकीच्या दुकानात मी छत्तीस वर्षं मिस्त्री होतो. पत्त्यात आता अहिल्यानगर लिहितो, पण बोलताना तोंडात नगरच येतं. गेल्या दिवाळीच्या पाडव्याला काम सोडलं. या अंकाचे संपादक म्हणाले, काहीतरी थरारक लिहा. मी म्हटलं, टेबलाशी वाकून स्क्रू फिरवणारा माणूस मी, थरार कुठून आणू? माझ्याकडे पाठदुखी आहे. ते म्हणाले, तरी लिहा. एक गोष्ट आहे, जी मी घरीसुद्धा पूर्ण सांगितलेली नाही. तीच लिहितो. माणसांची नावं बदलली आहेत.

हा धंदा बाहेरून वाटतो तसा नाही. दुकानात धूर नाही, आवाज नाही. तेलाचा वास असतो आणि सरकारी कागदांचे गठ्ठे असतात. गावाकडच्या बहुतेक बंदुका कधी उडालेल्याच नसतात. त्या बिघडतात त्या पडून राहून. गंज चढतो, उंदीर दस्त्याचं लाकूड कुरतडतात. एका बागायतदाराच्या बंदुकीच्या नळीत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं. तसाच बार काढला असता तर नळी फुटून हात गेला असता. मी माती काढून दाखवली तेव्हा ते म्हणाले, "बरं झालं, बिबट्या आला न्हाई." मी म्हटलं, "बिबट्याचंही बरं झालं."

नवीन गिऱ्हाईक आलं की शेठ बंदूक दाखवायचे आणि जबाबदारी सांगायचं काम माझ्याकडे असायचं. बंदूक घरात कायम रिकामी ठेवायची. काडतुसं दुसऱ्या कपाटात, दोन्हींच्या किल्ल्या वेगळ्या. लग्नात, वरातीत, मिरवणुकीत न्यायची नाही. घोटभर घेतली असेल तर हात लावायचा नाही. पाहुण्यांना दाखवायची नाही. घर बंद करून गावाला जायचं असेल तर ठाण्यात नाहीतर आमच्याकडे जमा करायची. निवडणूक लागली की जमा करायची. बिबट्या दिसला तरी त्याच्यावर नेम धरायचा नाही, हवेत बार काढायचा. मी सांगायचो, घरात एक तान्हं मूल आणताय, आणि हे मूल कधी मोठं होणार नाही, जन्मभर डोळ्यांत तेल घालून सांभाळावं लागेल. लोक मान डोलवायचे आणि बंदुकीकडे बघत राहायचे. परवान्यात कारण लिहिलेलं असतं, स्वसंरक्षण. कुणापासून, ते लिहिलेलं नसतं.

मिरजगावकडच्या एका व्यापाऱ्यानं हौसेनं रिव्हॉल्वर घेतलं आणि महिन्याभरात पडलेल्या चेहऱ्यानं दुकानात आला. कमरेला लावलं की मोटारसायकलवर पोटाला टोचतं, गादीवर बसता येत नाही, हॉटेलात शिरला की शेजारच्या टेबलावरचे उठून जातात. म्हणाला, "मिस्त्री, आधी लोक माझ्यासंगं बोलायचे वो. आता रिव्हॉल्वरसंगं बोलत्यात." त्यानं ते विकून टाकलं. असा शहाणपणा क्वचित बघायला मिळतो.

दुसरे एक आजोबा, शनीच्या शिंगणापूरकडचे. त्यांच्या घराला दारं नाहीत, कपाटाला कुलूप लावायची पद्धत नाही. वडील गेले आणि वारसाहक्कानं बंदूक यांच्या नावावर झाली. आता परवान्याची अट अशी की हत्यार कुलपात हवं. अधिकाऱ्यापुढे खोटं बोलायचं नाही आणि घरात कुलूप आणायचं नाही, म्हणून त्यांनी बंदूक आमच्या दुकानात कायमची जमा केली. दोन-तीन महिन्यांनी एसटीनं यायचे, बंदूक मांडीवर घ्यायचे, धोतराच्या सोग्यानं पुसायचे, चहा प्यायचे आणि परत द्यायचे. मी एकदा म्हटलं, "आजोबा, विकून टाका की." ते म्हणाले, "वडलांची हाय. टाकवत न्हाई आन् ठेववत न्हाई." माझ्या छत्तीस वर्षांत बंदुकीची जबाबदारी त्यांच्याइतकी कुणाला कळलेली मी पाहिली नाही.

खंडेनवमी हा आमचा हंगाम. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरोघर विळे, कोयते, पाभर, ट्रॅक्टर यांची पूजा होते. ज्याच्याकडे बंदूक आहे तो तीही पाटावर मांडतो. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल आणि वरून पाण्याचा शिंतोडा. देवाला हे चालतं, बंदुकीला चालत नाही. दसऱ्याआधी चकाकवून नेलेल्या बंदुका दिवाळीनंतर आमच्याकडे परत येत. चापाच्या फटीत कुंकू, खटक्याखाली तांदळाचा दाणा, नळीत झेंडूची पाकळी. मी दर वर्षी सांगायचो, कुंकू लाकडाला लावा, लोखंडाला लावू नका. एकानंही ऐकलं नाही.

अशाच एका दिवाळीनंतर सोपानराव त्यांची दुनळी घेऊन आले. बेलापूरच्या पुढे उसात त्यांची वस्ती होती. पन्नाशीचा उंच, कमी बोलणारा माणूस. आदल्या वर्षीच आमच्याकडून बंदूक घेतली होती. अर्जात बिबट्याचं कारण दिलं होतं आणि ते खोटं नव्हतं, त्यांच्या उसात बिबट्याची पिल्लं सापडली होती. पण अर्जात न लिहिलेलंही एक कारण होतं, ते मला पुढे कळलं. शेजारच्या वस्तीवर त्यांचा धाकटा भाऊ मच्छिंद्र राहत होता. जमिनीच्या वाटण्या झाल्या, विहीर मात्र सामाईक राहिली. आठवड्यातले कोणते दिवस कुणाची मोटर चालायची यावरून दोघांचं बोलणं बंद झालं होतं. आणि दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी होत्या. थोरली हिराबाई सोपानरावांची, धाकटी कमल मच्छिंद्रची.

इथे बंदुकीचं थोडं सांगावं लागेल. दुनळी मधून मोडली, म्हणजे बिजागरीवर उघडली, की नळ्यांच्या मागे एक सपाट लोखंडी भिंत दिसते. तिच्यात दोन बारीक भोकं असतात. चाप ओढला की आतला घोडा पडतो, पिन त्या भोकातून पुढे येते आणि काडतुसाच्या बुडाला टोचते. टोचली तर बार. नाही टोचली तर नुसता टक् असा आवाज. बाकी सगळी बंदूक त्या दोन भोकांसाठी असते.

सोपानरावांच्या बंदुकीची ती दोन्ही भोकं लाल होती. मी सुईनं आणि रॉकेलनं साफ केली, परत दिली आणि विसरलो. पुढच्या दिवाळीनंतर तीच बंदूक, तीच भोकं, आणि या वेळी आतपर्यंत ठासलेलं. मी तो लाल गोळा बोटांत चुरून बघितला. ते पूजेचं कोरडं कुंकू नव्हतं. त्यात मेण होतं. माझी आई सकाळी आरशापुढे बसून आधी कपाळाला मेण लावायची आणि मग त्यावर कुंकू, म्हणजे ते दिवसभर टिकायचं. देवघरातल्या कुंकवात मेण नसतं. मेण बाईच्या करंड्यात असतं. ते आपोआप गेलेलं नव्हतं, कुणीतरी बंदूक मोडून केसाच्या पिनेनं बसून भरलं होतं. मी साफ करून दिली.

तिसऱ्या वर्षी हिराबाई बरोबर आल्या. नगरला त्यांचे डोळे तपासायचे होते. सोपानराव मला बंदूक देऊन नूतनीकरणाचा कागद द्यायला कचेरीत गेले. हिराबाई बाकावर बसल्या. ठसठशीत कुंकू, डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी. बराच वेळ माझे हात बघत होत्या.

"मिस्त्री, तुमी लई साफ करता."

मला वाटलं कौतुक आहे. म्हटलं, "कामच आहे ताई ते."

"येवढं साफ करू नका."

मी हातातलं फडकं खाली ठेवलं. "करंड्यातलं कुंकू तुम्ही भरता?"

"पूजा करते मी," त्या म्हणाल्या. मग पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत बोलू लागल्या. "बिबट्याचं काय न्हाई वो. कुत्री भुकली, डबा वाजिवला का जातंय ते. पन बंदूक आल्यापासनं ह्ये उसाकडं बघतच न्हाईत. दुपारच्याला वट्ट्यावर बसत्यात, मांडीवर बंदूक घेत्यात आन् बांधाकडं बघत ऱ्हात्यात."

"भावाला काही धमकी दिली का?"

"दिली असती तर बरं वाटलं असतं. बोलतच न्हाईत. पलीकडं माझी बहीन हाय, मिस्त्री. इलेक्शन लागलं का बंदूक ठान्यात जाती, तेवढे दिस मला झोप लागती. वर्साला इलेक्शन पायजे बघा."

हसावं की काय करावं मला कळेना. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्यांच्यासमोर बंदुकीची लाकडं घासली, नळ्या चकाकवल्या, बाहेरून तेलाचा हात फिरवला आणि ती दोन भोकं तशीच ठेवली. सोपानराव आले. मी बंदूक त्यांच्या हातात दिली आणि म्हणालो, "झाली." हिराबाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पदर सावरून त्यांच्या मागे निघून गेल्या.

आमच्या कामाला एकच नियम आहे. हातात दिलेली बंदूक वेळेला चालली पाहिजे. बाकी सगळं, पॉलिश, तेल, नक्षी, हे वरवरचं. त्या दिवसापासून मी एका गिऱ्हाइकाला मेलेली बंदूक जिवंत म्हणून देत होतो. असं तीन वर्षं चाललं. दर दिवाळीनंतर ते यायचे, दर वेळी मी 'झाली' म्हणायचो. सकाळी पेपरात बेलापूर किंवा श्रीरामपूर असं नाव आणि खाली बिबट्याची बातमी दिसली की चहा हातात तसाच निवायचा. त्यांच्यावर खरोखरच बिबट्या आला, त्यांनी हवेत बार काढायला चाप ओढला आणि नुसतं टक् वाजलं तर? त्या माणसाचं मरण माझ्या फडक्यावर लिहिलेलं असेल. आणि भोकं साफ करून दिली, आणि त्यांनी भावावर चालवली, तर तेही माझ्याच फडक्यावर. हे कुणाला सांगावं? शेठना सांगितलं तर ते पोलिसांत कळवतील. पोलिसांत कळलं तर बाईचं घरात काय होईल? मी स्वतःशी म्हणायचो, निदान एक मेलेली बंदूक कुणाचा जीव घेणार नाही. आणि पुढचं काम ओढायचो.

मग एका उन्हाळ्यात सोपानराव हंगाम नसताना आले. विहिरीचं पाणी आटलं की भांडण भरतं, तेच ते दिवस होते. दुकान नुकतंच उघडलं होतं, शेठ यायचे होते. सोपानरावांनी बंदूक काउंटरवर ठेवली. शेजारी दोन काडतुसं उभी केली.

"मिस्त्री, बंदूक चालत न्हाई."

"कशावर चालवली?"

"बिबट्या आल्ता."

मी काडतुसं हातात घेऊन बुडं बघितली. दोन्हींवर बारीक टोचल्याची खूण होती, डास चावल्याएवढी. म्हणजे दोन्ही चाप ओढले होते. बिबट्याला हाकलायला माणूस हवेत एक बार काढतो. तो उडाला नाही तर बंदूक टाकून घरात पळतो.

"कुठं होता बिबट्या?"

"बांधावर."

"आवाज झाला नाही, तर मग तो पळाला कशानं?"

"पळाला न्हाई. उभाच हुता."

"सोपानराव," मी म्हटलं, "बिबट्या उभा राहत नाही."

ते बाकावर बसले. एवढा उंच माणूस, पण गुडघे जवळ घेऊन पोरासारखा बसला. टोपी काढली, पुन्हा घातली. मग खाली बघत म्हणाले, "मच्छ्या हुता. हातात खोरं घिऊन उभा हुता. माझा दिस असताना त्यानं मोटर चालू केली. मी बंदूक उचलली. टक् वाजलं. तवा तरी थांबायचं ना मानसानं? मी पुन्यांदा वडला, मिस्त्री. पयला रागात वडला आसंल. दुसरा कशात वडला ते मला ठाव न्हाई."

मी टेबलावर पेपर अंथरला, त्यांच्यासमोर बंदूक मोडली आणि सुई घालून भोकं साफ केली. लाल मेणाचे दोन तुकडे पेपरावर पडले. सोपानराव उठून आले आणि वाकून बघत राहिले. त्यांनी एक तुकडा चिमटीत धरून नाकाशी नेला.

"ह्ये हिरीचं हाय," ते म्हणाले.

"माझंही आहे. त्यांनी भरलं, मी काढलं नाही. तीन वर्षं मला माहीत होतं."

मला वाटलं आता काउंटरवरचं काहीतरी माझ्या अंगावर येईल. त्यांना तो हक्क होता. पण ते तसेच उभे राहिले. मी म्हटलं, "घरी गेल्यावर ताईंना काही बोलू नका."

"तिला काय बोलनार? आता तिच्या हातचं जेवायला कोनत्या तोंडानं बसायचं, त्येचा इचार करतोय." मग म्हणाले, "ही हितंच ठेवून घ्या. जमा म्हनून लिवा." सही केली आणि ते बंदुकीकडे न बघता बाहेर पडले.

कायद्यानं मी त्याच दिवशी ठाण्यात जायला हवं होतं. गेलो नाही. हिराबाईंचा संसार डोळ्यांपुढे आला, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. खरं असं की ठाण्यात गेलो असतो तर माझंही नाव आलं असतं, आणि हे कारण मला आधी सुचलं होतं. पण त्या वर्षी मी समाधानात होतो हेही लिहिलं पाहिजे. बंदूक दुकानाच्या कपाटात होती. दोघं भाऊ जिवंत होते, दोघी बहिणींच्या कपाळाला कुंकू होतं, आणि यात माझ्या हाताचा वाटा होता. दसऱ्याला मी सोपानरावांची बंदूक स्वतःच पुसली. या धंद्यात माणूस वाचवल्याचं समाधान सहसा कुणाला मिळत नाही. मला ते दीड वर्ष पुरलं.

दीड वर्षानं, मी काम सोडायच्या महिनाभर आधी, दुपारी शेठ जेवायला गेलेले असताना एक जोडपं आत आलं. पुरुषानं प्लास्टिकच्या पिशवीतून नवाकोरा परवाना काढून काउंटरवर ठेवला. बाईचा चेहरा बघितला आणि तिनं काही सांगायच्या आधीच मला कळलं. हिराबाईंचाच चेहरा, दहा वर्षांनी लहान, कपाळावर कुंकवाऐवजी टिकली. परवान्यावर नाव मच्छिंद्रचं होतं. कारण, स्वसंरक्षण.

"चांगली दाखवा," मच्छिंद्र म्हणाला. "वेळंला चालनारी. भावाची हुती तसली फुसकी नको."

"भावाची फुसकी होती?"

"मी समोर हुतो की. टक् टक्, दोन बार. खोरं हातातच ऱ्हायलं माझ्या. देवानं वाचिवला म्हनत्यात सगळी." तो हसला, पण ते हसणं बघवत नव्हतं.

"तक्रार का नाही केली?"

त्यानं बायकोकडे बघितलं. "हिनं पाय धरले. हिच्या बहिनीचं घर हाय पलीकडं. म्हनलं, ऱ्हाऊ द्या तक्रार. पन मग आपल्याकडं बी पायजे. रोज बांधावरनं जायाचं, पाठीत मुंग्या येत्यात वो."

त्याचं काय चुकलं? कुणी आपल्यावर दोनदा चाप ओढला असता तर मीही हेच म्हटलं असतं. परवान्यासाठी पोलिसांनी चौकशी केली असेल, गावातल्या कुणी काही सांगितलं नसेल, आणि ज्या एका बाहेरच्या माणसाला सगळं माहीत होतं तो दुकानात बसून दुसऱ्याच्या बंदुका पुसत होता. मी वेळेला एक शब्द बोललो असतो तर या परवान्यावर सही झाली नसती. माझं दीड वर्षाचं समाधान तिथल्या तिथे संपलं.

परवान्याची झेरॉक्स लागते. मच्छिंद्र ती काढायला बाहेर गेला. कमल लगेच काउंटरजवळ आली.

"आक्कानं सांगितलंय, साफ करायला बंदूक तुमच्याकडंच आनायची," ती हळू आवाजात म्हणाली. "काय बोलू नको, त्यांना समजतंय, म्हनली." मग म्हणाली, "मी टिकली लावते, पन आक्कानं मेन दिलंय मला. डबी भरून दिलंय."

मला दिसलं की दर दिवाळीनंतर आता ही बंदूक येणार. दर वेळी मी, किंवा माझ्या जागी बसणारा कुणी, 'झाली' म्हणणार. आणि आज ना उद्या सोपानरावांना भावाच्या ओट्यावर बंदूक दिसली की ते त्यांची परत न्यायला येणार, आणि ती तर मीच साफ करून ठेवली होती. दोन वस्त्या, दोन बंदुका आणि मध्ये दोन बहिणी मेणाची डबी घेऊन. मी थकलो होतो. त्या क्षणी मला एवढंच कळलं की हे ओझं मला आता उचलायचं नाही.

मच्छिंद्र झेरॉक्स घेऊन आला तेव्हा मी त्याला सांगून टाकलं. उभ्या उभ्या, सगळं. भावाची बंदूक फुसकी नव्हती. तुमच्या वहिनींनी ती चालू नये म्हणून मेण-कुंकू भरलं होतं, वर्षानुवर्षं. मी ते पाहून सोडून दिलं होतं. तुम्ही आज इथे उभे आहात ते त्यामुळे. आणि ही नवी घरी नेलीत तर तुमच्या बायकोला तेच करत बसावं लागणार आहे.

त्याचा चेहरा मी विसरणार नाही. मला वाटलं होतं त्याला धक्का बसेल, डोळ्यांत पाणी येईल, वहिनीबद्दल दोन शब्द बोलेल. तो आळीपाळीनं माझ्याकडे आणि बायकोकडे बघत होता.

"म्हंजी वैनीला ठाऊक हुतं," तो म्हणाला. "हिला ठाऊक हुतं. तुमाला ठाऊक हुतं. दादा मला मारनार ह्ये सगळ्यांला ठाऊक हुतं. फकस्त मला न्हवतं."

"सांगितलं असतं तर काय केलं असतं? पाण्याचा दिवस सोडला असता?"

तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. "न्हाई. तवा न्हाई सोडला असता," तो म्हणाला. "पन दादा आतनं कुठवर गेलाय, येवढं तरी कळलं असतं. जाऊन बसलो असतो त्याच्याजवळ. तुमी तीन वर्सं का बोलला न्हाई, मिस्त्री?"

बाईला शब्द दिला होता म्हणावं, तर शब्दही दिला नव्हता. मी फक्त एक काम अर्धवट ठेवलं होतं आणि त्यातच माझं सगळं बोलणं आलं असं धरून चाललो होतो.

त्यानं परवाना आणि झेरॉक्स घडी करून पुन्हा पिशवीत घातली. "येतो," म्हणाला. बंदूक घेतो म्हणाला नाही, नको असंही म्हणाला नाही. तो पायऱ्या उतरत असताना कमल क्षणभर मागे थांबली. "माझ्या हातात येवढंच हुतं, मिस्त्री," ती म्हणाली, "आन् तेबी तुमी सांगून टाकलं." तिच्या आवाजात राग होता आणि तो बरोबर होता.

पाडव्याला मी काम सोडलं. शेठना डोळ्यांचं कारण सांगितलं. डोळे ठीक आहेत. दुकानात नवा मिस्त्री आला आहे. पुण्याकडून शिकून आलेला, हुशार, फार साफ काम करतो. दर सोमवारी मी त्याला फोन करून विचारतो, बेलापूरकडचं कुणी आलं होतं का? तो म्हणतो, नाही काका, का हो? मी म्हणतो, सहज.

परवान्यावर हत्यार खरेदी करायची मुदत असते. त्या दिवशी काउंटरवर मच्छिंद्रचा परवाना होता तेव्हा ती मी वाचून ठेवली होती. हे लिहितो आहे तेव्हा तिचे बावीस दिवस उरले आहेत. नव्या मिस्त्रीला मी अजून काही सांगितलेलं नाही.